दाराबाहेर बसलेले

“मग मला एकांत मिळणार तरी कुठे, बुवा?”

श्रीधर घाग बँकेतून निवृत्त होऊन मठात राहायला आले होते. ध्यानाला त्यांच्याइतकं कुणी बसत नसे, हे खरं. आणि ते सगळ्यांना तसं सांगत, हेही खरं. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी त्यांच्या कपाळाला आठी. टेकडीवरची एकटी कुटी रिकामी झाली, तेव्हापासून त्यांनी मठाचे प्रमुख केशवबुवा यांची पाठच धरली होती. कुटी मिळाली नाही तर मठ सोडतो, असं त्या दिवशी त्यांनी सांगूनच टाकलं.

बुवा म्हणाले, उद्या मुंबईला जाऊ. पिशवी धरायला मला घेतलं.

गिरणगावातल्या एका जुन्या चाळीचं संग्रहालय केलं आहे. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेली कुटुंबं कशी राहायची, ते कळावं म्हणून खोल्या तशाच मांडून ठेवल्यात. मोरी, स्टोव्ह, पितळी डबे, एकावर एक ठेवलेल्या ट्रंका. चपला काढून आत जाता येतं, बसताही येतं.

घाग अशाच चाळीत वाढलेले. मग काय, त्यांना थांबवणार कोण? एवढ्याशा खोलीत आईवडील, भावंडं, आत्या, मामा, वर गावाकडचे पाहुणे. आणि त्या गोंगाटात आपण मॅट्रिकचा अभ्यास केला, असं ते सांगू लागले. एकाग्रता म्हणे तेव्हापासूनची. कुणाची मदत नाही. मी मनात म्हटलं, झालं सुरू.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग बस की इथेच. ध्यानाला.”

“इथे? लोक येताहेत, जाताहेत…”

“बस.”

घाग मांडी घालून बसले. बुवा बाहेर गॅलरीत गेले आणि दाराशी भिंतीला टेकून खाली बसले. मलाही बसायची खूण केली.

एक मोठं कुटुंब बडबडत जिना चढून आलं. बुवांनी ओठावर बोट ठेवलं आणि आत कुणीतरी बसलंय, असं हातानेच सांगितलं. माणसं बिचारी पाय न वाजवता पुढच्या खोलीकडे गेली. मागून येणाऱ्यांना त्यांनीच गप्प केलं.

बऱ्याच वेळाने घाग उठले. मठातही असं ध्यान कधी लागलं नव्हतं, हे सांगायचं होतं त्यांना. चेहऱ्यावर दिसतच होतं. ते दारात आले आणि त्यांनी बुवांना पाहिलं. गुडघे पोटाशी घेऊन, मान भिंतीला टेकून बसलेले.

घाग तिथेच थबकले.

“धाकूमामा…”

आम्हाला काही कळेना. ते उंबऱ्यातच बसले आणि हळूहळू सांगू लागले. धाकूमामा म्हणजे त्यांच्या आईचा भाऊ, रातपाळीचा कामगार. सकाळी घरी यायचा तो झोपायला. पण चाळीची रीतच होती, घरातलं पोर मॅट्रिकला बसलं की दिवसा खोली त्याची. आत्या तांदूळ निवडायला गॅलरीत जायची. शेजारच्या तावडेकाकू रेडिओ लावायच्या नाहीत. आणि मामा दाराबाहेर असाच, बसल्या बसल्या झोपायचा.

“मी त्याला ओलांडून नळावर जायचो, बुवा. आणि मला वाटायचं, काय माझी एकाग्रता…”



घागांना रडू आवरेना. पण ते दुःखाचं रडू नव्हतं. एकेकाचं नाव घेऊन ते त्या गॅलरीला हात जोडत होते. केवढं दिलंय हो या माणसांनी मला, असं सारखं म्हणत होते. खरं सांगतो, हा माणूस मला कधी आवडला नव्हता. त्या दिवशी माझेही डोळे भरले.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई जिना चढून आल्या. आम्ही वाट दिली. त्या आत गेल्या, मोरीच्या कठड्यावरून हात फिरवला आणि ट्रंकेला टेकून, डोळे मिटून बसल्या.

घाग सरकून बुवांच्या शेजारी भिंतीला टेकले.

मग घागांनी विचारलं, “बुवा, ते माझ्या कुटीचं…”

बुवांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हळू बोल. आत बाई बसल्यात.”