ठकूबाईच्या खुर्चीत वारा बसला

पांघरूण घ्या बघू सगळ्यांनी. मने, पाय आत घे. हं, आता ऐका.

एकदा काय झालं, एका डोंगरावर एक बाई राहायची. तिचं नाव ठकूबाई. गाव खाली पायथ्याशी आणि वर हिचं एकटीचं घर. तिचा नवरा भिकाजी सुतार होता. तो होता तोवर घरात माणसांचा राबता असायचा, बरं का. कुणाला पाळणा हवा, कुणाला दाराची चौकट, कुणाचा नांगर मोडलेला. माणसं चढ चढून यायची, ओसरीवर टेकायची, पाणी प्यायची, घटकाभर बोलत बसायची. मग भिकाजी वारला. मूलबाळ नव्हतं. सुतारच नाही, तर वर कोण कशाला येणार? हळूहळू वाटेवर गवत वाढलं.

ठकूबाई सकाळी उठायची, अंगण झाडायची, भाकरी करायची आणि एकटीच खायची. एका दुपारी तिची शेळी कुंपणाबाहेर गेली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. फुटला तो असा घोगरा, जसा कुणा दुसऱ्याचाच. किती दिवसांत ती कुणाशी बोललीच नव्हती ना! ती तिथंच मटकन बसली. म्हणाली, "मी हलले नाही, तर या घरात काहीसुद्धा हलत नाही."

मग तिला वाटलं, एखादा पाळणा टांगावा. पण पाळण्यात घालायला बाळ कुठून आणायचं? आणि एवढ्या मोठ्या बाईला झोका कोण देणार? मग ती म्हणाली, "आपला झोका आपल्यालाच घेता येईल अशी खुर्ची करावी."

तिनं कोनाड्यातून नवऱ्याची करवत काढली, रंधा काढला, पटाशी काढली. हत्यारं गंजली होती. दगडावर घासून घासून तिनं त्यांना धार लावली. सुतारकाम तिनं नुसतं बघितलेलं, केलेलं कधीच नव्हतं. पण बघितलेलंही पुष्कळ असतं, बरं का.

परसात सागाच्या फळ्या पडून होत्या. त्यांची बैठक केली, पाठ केली, चार पाय केले. मग पायांखाली दोन वाकड्या काठ्या ठोकल्या, होडीच्या तळासारख्या. हौसेनं बसली, मागे रेलली, आणि धाडकन उताणी! पाय वर, डोकं खाली. हसू नका रे! बिचारीला चांगलंच लागलं. काठ्या मागच्या बाजूला आखूड पडल्या होत्या.

मग तिनं लांब काठ्या शोधल्या. आता खुर्ची उलटेना. पण एक काठी जास्त वाकडी आणि एक कमी. त्यामुळे झालं काय, की ठकूबाई डोलायला लागली की खुर्ची तिरकी चालायला लागायची. डोलता डोलता ती चुलीपासून निघाली ती थेट गोठ्याच्या दारात पोचली. शेळी घाबरून ओरडली.

मग ठकूबाई रानात गेली. तिथं बाभळीची एक जाड फांदी होती, छान बाक आलेली. ती तिनं तोडून आणली आणि उभी मधोमध चिरली. एकाच फांदीचे दोन भाग, दोन्हींना बाक सारखा! पायांखाली ते घट्ट बसवले, रंधा फिरवून गुळगुळीत केले. मग जपून बसली. खुर्ची मागे गेली, पुढे आली. मागे गेली, पुढे आली. करकर नाही, खडखड नाही. ठकूबाईनं डोळे मिटले. किती बरं वाटलं तिला! पण डोळे उघडले, तर घर तेवढंच रिकामं.

दुसऱ्या दिवशी दारात एक म्हातारा उभा. डोक्याला पांढरा पटका, अंगभर धूळ, आणि पाय जमिनीला टेकतायत की नाही, कळत नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "बाई, जरा बसू का? मी वारा. जन्मल्यापासून कधी बसलो नाही."

"का हो?" ठकूबाईनं विचारलं.

"बसलो की थांबलो, आणि थांबलो की मी उरतच नाही. पण तुझी ही खुर्ची बसलं तरी हलतेच की! अशी जागा मी उभ्या जगात पाहिली नाही."

"मग बसा की. विचारता काय?" ठकूबाई म्हणाली. आणि बोलताना तिचा आवाज मोकळा झाला.

वारा बसला. मागे, पुढे. मागे, पुढे. मग तो बोलायला लागला. कुठल्या समुद्रात निळे मासे उडतात, कुठल्या वाळवंटात उंटांच्या पावलांवर वाळू येते, कुठल्या डोंगरावर बारा महिने बर्फ असतं. ठकूबाई भाजी चिरता चिरता ऐकायची. ती त्याला पिठलं-भाकरी वाढायची. तो नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, "पोट भरलं!" मग दोघं हसायची. त्या घरात पुन्हा हसणं आलं, बरं का. मग बोलता बोलता वाऱ्याला झोप लागली. साधीसुधी नव्हे, जन्मभराची राहिलेली झोप. तो झोपेत डोलत राहिला आणि ठकूबाई त्याच्या शेजारी बसून राहिली.

पण इकडे वारा झोपला, आणि तिकडे जगातला वारा पडला.

आधी एक घार आली. उडत नाही, चालत! उडता येईना म्हणून बिचारी डोंगर चढून आली आणि दाराकडे बघत बसली. ठकूबाईनं दार लोटून घेतलं.

मग झाडं गप्प झाली. पानसुद्धा हलेना. ठकूबाईनं खिडकीही लावून घेतली.

मग गावातली पारू आली. काखेत सूप, कडेवर लेकरू, घामानं भिजलेली. ठकूबाई दार अडवून उभी राहिली.

पारू म्हणाली, "वहिनी, तुमच्या डोंगरावर तरी वारा आहे का हो? मळणी झालीय, पण उफणायचं कसं? सगळं धान्य भुशात पडलंय. दिवसभर पाखडलं तरी पोरांपुरतंसुद्धा होत नाही."

ठकूबाईनं लेकराकडे बघितलं. तरी ती म्हणाली, "नाही गं. इथंही नाही."

पारूनं मान हलवली. जाता जाता वळून म्हणाली, "तुमच्याकडे यायचं कितीदा मनात आलं, वहिनी. पण भिकाजीभाऊ गेल्यावर तुमच्यासमोर येऊन काय बोलावं, तेच सुचेना." आणि ती उतरायला लागली. लेकरू तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं. भुकेनं त्याचा चेहरा एवढासा झालेला.

ठकूबाई आत आली. वारा डोलत होता. तिनं त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि खुर्ची थांबवली.

वारा दचकून उभा राहिला. "का थांबवलंस?"

"खाली तुमची वाट बघतायत. कधीपासून. मी सांगितलं नाही."

"मी गेलो तर तू पुन्हा एकटी होशील."

"होईन," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही निघा."

आणि तो गेला. दार उघडलं, खिडकी उघडली, झाडं सळसळली. घार वर उठली. खाली खळ्यांवर पिवळं भूस उडायला लागलं. गावातून माणसांचा ओरडा ऐकू आला, आनंदाचा. आणि ठकूबाई उंबऱ्यावर बसून रडली. खूप रडली. तिच्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून तिचे डोळे कुणी पुसले नाहीत.

मग तिनंच पदरानं तोंड पुसलं. सूप घेतलं आणि वाटेवरचं गवत तुडवत खाली निघाली. खळ्यावर बायका उफणत होत्या. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वारा माझ्याकडे होता. मला सोबत हवी होती, म्हणून मी त्याला ठेवून घेतला."

बायकांची सुपं थांबली. एकजण रागानं काही बोलणार, एवढ्यात पारूनं विचारलं, "ठेवला होता तरी कशात?"

"खुर्चीत. डोलते ती. मी केली."

पारू बघतच राहिली. मग म्हणाली, "वहिनी, मला शिकवाल तसली करायला? हे लेकरू मांडीवर घेऊन घेऊन पाय भरून येतात हो." आणि तिनं बाजूला सरकून ठकूबाईला जागा दिली.

मग मळणी संपली, आणि पारू फळ्या घेऊन डोंगर चढली. मग आणखी एक आली, मग आणखी एक. काही दिवस कुणीच यायचं नाही. तेव्हा ठकूबाई एकटीच डोलत बसायची. तिला एकटं वाटायचंच, बाळांनो, ते काही पुरतं जात नाही. पण दुसऱ्या दिवशी ती उठून खाली जायची, आणि तिला बघून कुणीतरी घरातून हाक मारायचं, "वहिनी, या, बसा!"

तर ती तिथं सुखात राहिली, गाव खाली सुखात राहिलं. ऐका, बाहेर वारा निघाला. त्याला काम आहे, तो काही झोपत नाही. तुम्ही झोपा. मी आहे इथंच.