घडी न मोडलेली साडी

“घरातली माणसं फोटोत एका घरातली दिसावीत, एवढंच ना माझं म्हणणं? यात माझं काय चुकलं, माई?”

दोरीवरून काढलेली वाळकी छाटी मांडीवर घेऊन माई तिची घडी घालत होत्या. घडी कसली, बोचकंच ते.

कालिंदीबाईंना ते बघवेना. त्यांनी छाटी ओढून घेतली, टोकाला टोक लावलं, मधली सुरकुती तळहातानं साफ केली आणि चौकोनी घडी माईंपुढे ठेवली. मग दुसरी घेतली. प्रश्न विचारायला आलेली बाई कपड्यांना लागली.

माई नुसत्या हसल्या.

कोयनेच्या काठी माईंचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि अंगणात पेरूचं झाड. माई भगवं नेसत, कमी बोलत, आणि बोलल्या तर शेतावरच्या बाईसारख्या बोलत. पण कराडच्या सबनिसांच्या घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. कालिंदीबाईंच्या सासूबाई तर माईंनी सांगितलं तर कडुनिंबाला आंबे आलेत असंही मान्य करतील.

आणि कालिंदीबाई सबनिसांची थोरली सून. त्या घराची घडी त्यांनीच बसवली होती. त्यांच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे राहत आणि नवरा वेळेप्रमाणे. माणूस वाईट नव्हे. आजारी नणंदेच्या उशाशी रात्ररात्र बसणारी बाई ती. फक्त आपण म्हणू ती पूर्व दिशा, एवढंच.

“पहिल्यापास्नं सांग,” माई म्हणाल्या.

पहिल्यापासून म्हणजे असं. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेली बाई; तिच्याभोवती सगळं गणगोत उभं करून घाटावर फोटो काढायचा. फोटोग्राफर साताऱ्याचा, नव्या पद्धतीचा. त्यानं सांगितलं होतं, सगळ्यांचे रंग एकमेकांना धरून असू द्या. झालं! कालिंदीबाईंनी ते काम अंगावर घेतलं. बायकांना मोरपंखी साड्या, पुरुषांना मोतिया झब्बे. दुकानं पालथी घालून एकाच काठाच्या साड्या मिळवल्या आणि ज्याच्या त्याच्या गावी पोचत्या केल्या.

“नणंद कुरकुरली, पण नेसते म्हणाली. धाकटे दीर म्हणाले, मी काय नवरदेव आहे का? तेही आले वळणावर. फक्त कुंदा…”

कुंदा म्हणजे त्याच दिरांची बायको, कालिंदीबाईंची धाकटी जाऊ. सांगलीला राहायची.

“कुंदा काय म्हणाली?”

“म्हणाली काहीच नाही. तेच तर! साडी परत पाठवली, माई. एसटीच्या पार्सलनं. फोन नाही, चिठ्ठी नाही. घडीसुद्धा मोडली नाही तिनं. आणि वर पदराला लोणच्याचा हात लावलाय. मी एवढ्या हौसेनं…”

छाटीच्या सुरकुतीवर त्यांनी जरा जास्तच जोरात हात फिरवला.

“मग तू काय केलंस?”

“मी? मी काय करणार… घरच्या ग्रुपवर टाकलं.”

“काय टाकलंस?”

“की… ज्यांना घरचा रंग पसंत नाही, त्यांनी फोटोला आलं नाही तरी चालेल.”

“नाव घालून?”

“नाव नाही घातलं. पण ज्याला कळायचं त्याला कळलं.”

“आणि ती?”

कालिंदीबाईंनी घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली.

“तिनं लिहिलं, ‘बरं वहिनी.’”

…

भांडली असती तर बरं झालं असतं. कालिंदीबाईंना भांडणाची भीती नव्हती. भांडणात त्या कधी हरल्या नव्हत्या. पण ते ‘बरं वहिनी’ घशात काटा अडकावा तसं अडकलं होतं. खाताना टोचे, बोलताना टोचे. अर्थात हे त्यांनी माईंना सांगितलं नाही. स्वतःला तरी कुठे सांगितलं होतं?

“आणि आता आई अडून बसल्यात,” त्या म्हणाल्या. “कुंदा नसली तर मीही नाही, तुमचे तुम्ही काढा फोटो, म्हणतात. उद्या संध्याकाळी फोटो आहे. फोटोग्राफर यायचाय, पाहुणे यायचेत. तुम्ही एक शब्द टाका ना, माई. तुमचं ऐकतील त्या.”

“मी काय सांगू?”

“सांगा, की घर म्हटलं की थोडं जुळवून घ्यावं लागतं. एकासारखं एक दिसावं लागतं.”

“एकसारखी दिसायला पायजेत, का एकमेकांची?”

“एकसारखी असली की एकमेकांचीच दिसतात, माई.”

“बँडवाले एकसारखेच असत्यात की गं.”

कालिंदीबाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. आपण हसायला आलेलो नाही, न्याय मागायला आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात होतं.

“साडी कुठाय ती?”

साडी पिशवीतच होती. पुरावा घरी ठेवून फिर्याद करायला जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी ती काढून माईंच्या मांडीवर ठेवली. मोरपंखी रेशीम, सोनेरी काठ. दुकानातून आली तशीच्या तशी.

माईंनी नुसता हात फिरवला. “झ्याक हाय रंग.”

“आहेच मुळी!”

“आन् लोणचं कुठाय?”

“हे काय.” कालिंदीबाईंनी पदराचं टोक बाहेर ओढलं. “बघा ना. हा पिवळा डाग, त्याच्याशेजारी हा लाल. आंब्याचं लोणचं. जेवताजेवता उघडली असेल साडी. तिला पहिल्यापासून कशाचा म्हणून पाचपोच…”

माईंनी पदराचं टोक डोळ्यांजवळ नेलं. मग नाकाजवळ नेलं. मग त्यांनी उजवा हात उचलला, आणि काही कळायच्या आत कालिंदीबाईंच्या कपाळाला बोट लावलं.

बोट लाल झालं.

ते बोट त्यांनी पदरावरच्या डागाशेजारी धरलं.

तोच लाल.

…

पेरूवर एक पोपट आला, फळाला चोच मारून गेला. नदीकडून कुणाच्या तरी म्हशीचं हंबरणं ऐकू आलं.

“कुंकू…” कालिंदीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पिवळ्या डागावर बोट ठेवलं.

“आणि ही हळद.”

नवी साडी अंगाला लावायच्या आधी तिच्या पदराला हळदकुंकवाचं बोट लावायचं, ही रीत कालिंदीबाईंना कुणी शिकवायला नको होती. त्यांनीच ती कुंदाला शिकवली होती. रागाच्या भरात माणसाला कुंकवाचं लोणचं दिसतं, दुसरं काय!

“म्हणजे तिनं साडी घेतली होती, माई. आवडली होती तिला. मग परत का पाठवली?”

“मला काय ठावं? तुमच्या घरची मी हाय व्हय?”

“हळदकुंकू लावलं आणि नेसली नाही… घडी मोडली नाही…”

आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

कुंदा लग्न होऊन आली ती पहिली दिवाळी. माहेरहून आलेली अंजिरी साडी घेऊन ती कालिंदीबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिली होती. आत यायलाही भीत होती पोर. म्हणाली होती, “वहिनी, हिची घडी तुम्ही मोडा. तुमच्या अंगाला लागली की मला लाभेल.”

जिवाभावाच्या बाईला आपली नवी साडी आधी नेसायला द्यायची, तिच्या हातून घडी मोडून घ्यायची. आपल्याकडे बायका हे करतातच. पण कुंदाचं ते व्रतच होऊन बसलं. बोलून दाखवलं ते त्या एकाच वेळी. त्यानंतर ती तोंडानं कधी काही म्हणाली नाही. नवी साडी आली की हळदकुंकवाचं बोट लावायची आणि कालिंदीबाईंच्या पलंगावर गुपचूप ठेवून जायची. कालिंदीबाई ती नेसून देवळात जाऊन येत, नाहीतर नुसत्या मंडईत जाऊन येत, आणि संध्याकाळी साडी कुंदाच्या खुंटीवर टाकत. पुढे ती सांगलीला गेली, तरी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर साड्या यायच्या.

मग केव्हातरी कालिंदीबाई म्हणायला लागल्या, “अगं नेस की तूच, मला कुठे वेळ आहे?” आणि साड्या यायच्या बंद झाल्या. त्यांना वाटलं होतं, पोर शहाणी झाली.

“ती… पलंगावर ठेवून गेली होती, माई,” कालिंदीबाई म्हणाल्या. “एवढंच, की पलंग लांब पडला.”

आणि त्या रडायला लागल्या. पाहुण्यांसमोर पदरानं डोळे टिपतात तसं नाही. चांगलं हमसून हमसून. साडीवर पाणी पडू नये म्हणून माईंनी ती अलगद बाजूला घेतली, एवढंच केलं.

बऱ्याच वेळानं कालिंदीबाईंनी नाक पुसलं.

“मी तिला येऊ नको म्हटलं.”

“म्हणालीस खरं.”

“आता कोणत्या तोंडानं बोलवू? काय म्हणू?”

माईंनी साडी त्यांच्या हातात दिली आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

कालिंदीबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर मोरपंखी रेशीम होतं आणि खाली घरून घालून आलेलं डाळिंबी पोलकं. आयुष्यात पहिल्यांदा सबनिसांच्या थोरल्या सुनेचं मॅचिंग चुकलं होतं, आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. उंबऱ्यावर बसून तिनं फोन लावला.

फोन लगेच उचलला गेला. जणू हातातच होता.

“वहिनी?”

कालिंदीबाईंनी काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर येईना.

“वहिनी, ऐकू येतंय का?”

“कुंदा… नेसले गं तुझी.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“काठ बोचत नाही ना?” कुंदा म्हणाली. “नवा आहे, कडक असेल.”

“नाही गं. मऊ आहे.”

काठ चांगलाच बोचत होता.

“मग लाभली मला.”

“कुंदा, ते ग्रुपवर मी…”

“मी कुठे वाचते ग्रुपबिप, वहिनी? डोळे दुखतात माझे.”

दोघी एकमेकींशी धडधडीत खोटं बोलल्या आणि दोघींचा जीव भांड्यात पडला.

“उद्या पहिल्या गाडीनं ये,” कालिंदीबाई म्हणाल्या. आवाजात आता जुनी जरब आली होती, पण ती लाडाची. “मी स्टँडवर उभी राहते. आणि जेवून निघू नकोस. पिठलं टाकते तुझ्यासाठी.”

फोन ठेवून त्या उठल्या. माईंना वाकून नमस्कार केला. मग ओसरीत उभ्या राहून त्यांनी साडीकडे खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

उंबऱ्यावर बसल्यानं मांडीवर आडव्या चुण्या पडल्या होत्या. पदर तर फोनवर बोलता बोलता त्यांनी मुठीत धरून पार चुरगळला होता. त्याच्या टोकाला ओलंही होतं थोडं. हातानं ओढून बघितलं, झटकून बघितलं. रेशीमच ते, हटून बसलं.

“अगंबाई… हे काय करून बसले मी!” त्या म्हणाल्या. “उद्या सगळ्यांच्या साड्या कशा घडीच्या असतील, आणि माझ्या कुंदाचीच अशी बोळा झालेली. सगळ्यांत पुढे आईंच्या शेजारी बसवायचंय मला तिला. फोटोत ही एकेक चुणी दिसेल, माई. ती यायच्या आत इस्त्री फिरवून ठेवते.”

माई दोरीवरची शेवटची छाटी काढत होत्या. तिथूनच, मागे न बघता, त्या म्हणाल्या,

“इस्त्री फिरवलीस, तर मग फोटो कशाचा काढणार गं?”