गुंडूतात्याचं मापाचं कडं

फार वर्षांपूर्वी, आमच्या आडोलीच्या नदीवर पूल नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. पूल व्हायच्या आधी लोक नावेनं पलीकडं जायचे आणि नाव चालवायचा गुंडू आंबी. पूल झाला, नाव काठावर पालथी पडली आणि गुंडूतात्या रिकामा झाला. पोटापुरती नदीच्या मळीत वांगी होती. पण हातांना चैन पडेना.

पूल बांधणारे जाताना लोखंड कातायचं, पायानं फिरवायचं एक लेथ टाकून गेले होते. गंजलेलं, चाक मोडलेलं. चार बैलांना हलेना ते धूड तात्यानं एकट्यानं उचलून काठावरच्या खोपीत आणलं, असं म्हणतात. कसं उचललं ते मला विचारू नका, मी तिथं नव्हते. त्यानं चाक सांधलं, पाय मारला आणि लोखंडाची साल काकडीच्या सालीसारखी निघायला लागली.

हा काही धंदा नव्हता हं. निव्वळ हौस. बघता बघता हौशी माणसं जमली. गावचा न्हावी आला, शाळेचे मास्तर आले, आमच्या घरातला शिंपीही आला. कुणी भोवरे केले, कुणी अडकित्ते. मास्तरांनी वाफेवर चालणारं एक इंजिन केलं. त्यानं काहीच ओढलं नाही, नुसतंच फुसफुसत बसायचं, पण सगळे कौतुकानं बघायचे. तात्यानं एकेक करून हत्यारं घडवली आणि भिंतीवर खुंट्यांना टांगली. खोपीच्या दाराला कडी लावलीच नाही. ज्याला हवं त्यानं न विचारता न्यावं. परत आणताना मात्र नेलं त्याहून चांगलं करून आणावं, एवढीच रीत. बोथट कानस घासून यायची, गिरमिट तेल पाजून यायचं. आडोलीत म्हणे त्या वर्षांत गंज कसला तोच माहीत नव्हता.

आता त्या भिंतीवरची एक वस्तू नीट ध्यानात घ्या. ते होतं पोलादाचं कडं, मुठीत मावेल एवढं. मापाचं कडं. चाकाचा आस कातायचा आणि या कड्यातून घालून बघायचा. अडकला तर जाड, खुळखुळला तर बारीक, गुमान सरकला तर बरोबर. काठावरच्या पाच गावांतले आस या एकाच कड्यानं मापलेले, आणि चाकंही त्याच मापाची. त्यामुळं कुणाच्याही चाकात कुणाचाही आस बसायचा. तुमच्या मोटेच्या चाकाचा आस मोडला तर शेजाऱ्याचा काढून आणा, मळा भिजवा, संध्याकाळी परत द्या. भांडणारी घरंसुद्धा आस द्यायला नाही म्हणत नसत, असं म्हणतात.

आमच्या घरातला शिंपी म्हणजे नरसू, माझा खापरपणजोबा. तेव्हा पुढं जे सांगते त्याची लाज माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. नरसू फार नीटनेटका. कापडावर सुरकुती दिसली तर त्याला जेवण जायचं नाही. दोरा गुंडाळायचं एक चाक करायला त्यानं ते कडं घरी नेलं. काम झालं, आणि बघतो तर कड्याच्या आतल्या अंगाला काळा डाग. असं डागाळलेलं कडं परत कसं द्यायचं? विटेचा बारीक भुगा घेतला, गोडं तेल घेतलं आणि तीन दिवस आतून घासत बसला. कडं आरशासारखं झालं. तात्या खूश. चारचौघांत म्हणाला, वस्तू अशी परत करावी, शिका नरसूकडून.

मापाची वस्तू घासायची नसते हो! पण ते सुचणार कुणाला? कडं आतून केसभर मोठं झालं.

त्यानंतर तात्यानं कातलेला आस कड्यातून गुमान सरकायचा, पण चाकात बसायचा नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं, असेल एखादा. मग दुसरा आला, दहावा आला. कुणीतरी ठोकून बसवायला गेलं आणि जुनं चाक तडकलं. तात्या आस पुन्हा कड्यात घालून बघायचा. बरोबर. चाकात घालायचा. अडकला. कडं खोटं बोलत नाही, म्हणजे आपले डोळे गेले, आपला हात गेला, असं त्यानं मनाशी धरलं.

नरसूला कळलं होतं. त्यानं एकदा जुना आस त्या कड्यात घालून बघितला, तर तो खुळखुळला. जाऊन सांगायचं, एवढंच तर होतं. पण चारचौघांत कौतुक झालेलं. आज तात्याकडं माणसं आहेत, उद्या सांगू. उद्या तात्याचा चेहरा उतरलेला, परवा सांगू. असे सहा महिने गेले. काय म्हणावं या माणसाला? मी रोज म्हणते, पण त्याचा उपयोग काय.

गावानं तात्याला बोल लावला नाही. तेच वाईट झालं. लोक आस घेऊन जायचे, बरा झालाय म्हणायचे आणि घरी जाऊन गुपचूप कानशीनं घासायचे. एकदा तात्या वांगी द्यायला न्हाव्याकडं गेला, तर न्हावी परसात बसून तात्याच्याच हातचा आस घासत होता. तात्या वांगी उंबऱ्यावर ठेवून तसाच माघारी फिरला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खोपी रिकामी करायला घेतली. दारोदार फिरून एकेक हत्यार देऊन टाकलं. माझ्या हाताला आता कळत नाही, तुम्ही करा, म्हणाला. शेवटी आमच्या दारात आला. हातात कडं.

“नरसू, वस्तूची निगा राखावी तर तूच. हे तुझ्याकडं राहू दे.”

नरसूनं दोन्ही हात पुढं केले. कडं घेतलं. तात्या दारातून हलला नाही.

“काही बोलतोस का रे?”

“नाही, तात्या.”

तात्या निघून गेला.

काही जण म्हणतात, तात्याला आधीपासून ठाऊक होतं. जन्मभर लोखंडात हात घातलेला माणूस, त्याला केसभराचा फरक कळणार नाही होय? त्यानं जुना आस केव्हाच घालून बघितला होता आणि तो नरसूनं सांगायची वाट बघत होता. नरसूला चारचौघांत खाली बघायला लावायचं नव्हतं त्याला. हे खरं असेल तर आमच्या घराला ते जास्तच जड आहे. मला ते खरंच वाटतं.

रथसप्तमीच्या सकाळी लोक उठून बघतात तर घराघरांतल्या हत्यारांना दव आलेलं. कानशी, गिरमिटं, हातोडे, सगळी ओली. रिकाम्या खोपीतलं लेथ आपोआप एकदा फिरलं आणि थांबलं, असं म्हणतात. इतकी वर्षं काठावर पालथी पडलेली नाव जागेवर नव्हती. तात्याही नव्हता. पाणी सपाट होतं, वल्ह्याची एक रेघसुद्धा नव्हती.

नरसू अनवाणी धावत काठावर गेला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओरडला, तात्या, कडं मी घासलं, तुमचा हात गेला नाही. घसा बसेपर्यंत ओरडला. पाण्यानं ते तात्यापर्यंत नेलं, असं म्हणणारे म्हणतात. मला तसं वाटत नाही. सहा महिने तो माणूस दोनशे पावलांवर राहत होता, तेव्हा नुसतं कानात सांगितलं असतं तरी पोचलं असतं.

आडोलीत तुम्ही कधी आलात तर आमची एक खोड तुम्हाला दिसेल. पाहुणे नावं ठेवतात तिला. उसनं नेलेलं हत्यार आमच्याकडं पुसून परत करत नाहीत. खोरं मातीसकट येतं, करवत भुश्शासकट येते. देणारा दारात उभा राहून त्या वस्तूचं काय काय झालं ते सांगतो. दात मोडला, दांडा हलतोय, खाली पडलं होतं. ज्याचं आहे तो ऐकून घेतो, रागावत नाही आणि मग स्वतःच्या हातानं पुसतो. खोपीच्या जागी आता नुसता ओटा आहे. रथसप्तमीला सगळं गाव तिथं जमतं आणि वर्षभर ज्याला जे सांगायचं राहिलं असेल ते त्याला सांगतं. एकमेकांकडं राहिलेली मोडकीतोडकी हत्यारंही त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी परत जातात.

पण आधी कुणी बोलत नाही. पहिला मान शिंप्यांच्या घराचा. मान कसला म्हणा. वडील होते तोवर ते बोलायचे, आता मी बोलते. कडं ओट्यावर ठेवायचं, नदीकडं तोंड करायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “तात्या, कडं आम्ही घासलं.”