पाळण्यातलं नाव

समुद्र जिथे ओरडून ओरडून दमतो आणि हळू बोलायला लागतो, तिथे एक गाव होतं. त्या गावात एक मुलगी होती. आईबाप लहानपणीच गेले, काकूच्या घरी वाढली. वाढली म्हणजे काय, उरलंसुरलं खाल्लं आणि उंच झाली. पायात चप्पल नाही, अंगावर काकूच्या जुन्या लुगड्यातून शिवलेला परकर. पण डोळे मात्र असे, जसे पहाटेच्या गवतावरचे इवले इवले चमचमते थेंब. आणि स्वभाव असा की वाळूत उलटं पडलेलं खेकड्याचं पिल्लू दिसलं, की थांबून त्याला सुलटं करायची. पिल्लू चावायचं. तरी पुढच्या वेळी पुन्हा थांबायची. अशा माणसाला लोक वेडं म्हणतात. म्हणू देत.

मोठी झाल्यावर तिचं लग्न झालं. नवरा भला होता, पण जहाजावर कामाला, सदा पाण्यावर. घरात सासूसासरे, दोन थोरल्या जावा, दीर आणि त्यांची चिल्लीपिल्ली. लग्नात रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, वैभवी. पोर गरिबाघरची, निदान नाव तरी श्रीमंत असू दे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण त्या नावाने तिला कुणी हाक मारलीच नाही. धाकटे, पाणी आण. धाकटे, भांडी राहिली. सगळ्यांची ती धाकटी. आपणही तिला सध्या धाकटीच म्हणू.

धाकटीच्या सासूबाई सायीसारख्या मऊ होत्या आणि सायीसारख्याच गप्प. धाकटीसाठी सगळ्यांच्या नकळत ताटाखाली एक लाडू झाकून ठेवायच्या. आणि मामंजी, म्हणजे सासरे, म्हणजे फणस. वरून काटेच काटे. त्यांचं नाव भिकाजी. बायकोला हाक मारायची तर "अगं", नाहीतर "ऐकलंस का", बस. गोड बोलायचे ते फक्त त्यांच्या जुन्या होडीशी. निळी निळी होडी, नाकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, बकुळा. रंग उडाला की मामंजी स्वतः नवा द्यायचे आणि ती तीन अक्षरं जीभ बाहेर काढून, हात न हलवता रंगवायचे. मुलं म्हणायची, बाबा, ही म्हातारी होडी विका आता. मामंजी म्हणायचे, आधी मला विका.

तर त्या वर्षी सासूसासऱ्यांच्या लग्नाचा मोठा वाढदिवस आला. सगळ्यांनी ठरवलं, शिंपल्या बेटावर सहलीला जायचं, तिथेच सण करायचा. शिंपल्या बेट म्हणजे काय सांगू! वाळू साखरेसारखी, पाणी आधी हिरवं, मग पोपटी, मग निळं, मग जांभळं. काठावर माड, मध्ये केवड्याचं सोनेरी बन. डबे, पातेली, चटया, पोरं, सगळं बकुळेत भरलं आणि मंडळी निघाली.

बेटावर पोचल्या पोचल्या जावांनी आपापल्या भेटी एकमेकींना दाखवल्या. थोरलीने चांदीचा तांब्या आणला होता. मधलीने भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, त्यातून दर तासाला एक चिमणी बाहेर यायची आणि चिवचिव करून आत जायची. छान होतं, उगाच नावं कशाला ठेवा. मग थोरलीने विचारलं, "धाकटे, तू काय आणलंस गं?"

धाकटीने रिकामे हात पदराआड घेतले. तिच्याजवळ होतं काय? मधली म्हणाली, "जाऊ दे जाऊबाई, ती भांडी घासेल, तीच तिची भेट." दोघी हसल्या आणि पोरांना घेऊन पाण्यात खेळायला गेल्या.

धाकटी केवड्याच्या बनाकडे सुक्या झावळ्या गोळा करायला गेली. पाठ वळल्यावर तिच्या डोळ्यांतून दोन थेंब पडले. तिला तांब्या नको होता, घड्याळ नको होतं. जिने रोज ताटाखाली लाडू झाकला, तिच्या हातात आजच्या दिवशी काहीतरी ठेवायचं होतं. एवढंच.

तेवढ्यात बनातून बारीक आवाज आला. छुन छुन छुन, कुणी इवलंसं पैंजण हलवावं तसा. केवड्याच्या काटेरी पानांत जुन्या जाळ्याचा एक तुकडा अडकला होता, आणि त्या जाळ्यात करंगळीएवढी एक परी. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुलाबी-मोतिया झगा. मासोळीच्या खवल्यांसारखे रुपेरी पंख. केसांत निळ्या लाटेचा एक तुषार, न सुकणारा.

"हलू नकोस गं बाई, पंख फाटतील," धाकटी म्हणाली आणि एकेक गाठ सोडवायला बसली. केवड्याने तिचे हात ओरबाडले. सगळ्या गाठी सुटल्या, परी भुर्रकन उडाली आणि येऊन तिच्या ओरबाडलेल्या तळव्यावर बसली. जिथे बसली तिथला ओरखडा मिटला.

परी म्हणाली, "किती गं मऊ हात तुझे! माग, काय हवं ते माग." आणि तिने तळव्यावर तीन मोती ठेवले, एक गुलाबी, एक हिरवा, एक पांढरा. "पण नियम आहेत हं. स्वतःसाठी मागायचं नाही. ज्याच्यासाठी मागशील त्याचं नाव घ्यायचं. आणि सूर्य पाण्याला टेकला, की उरलेल्या मोत्याचं पाणी होईल."

धाकटीला हसू फुटलं. स्वतःसाठी मागायची तिला सवयच नव्हती. गुलाबी मोती मुठीत धरून ती म्हणाली, "सासूबाईंना मोत्यांची माळ मिळू दे."

झगमग झगमग करत हवेत माळ उमटली. इकडे वळली, तिकडे वळली, गोंधळली. मग तटकन तुटली आणि मोती टुणटुण उड्या मारत समुद्रापार निघून गेले. परी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, जगात सासूबाई काय एक आहेत?" त्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावोगावच्या सासवांच्या ओटीत एकेक मोती पडला, आणि म्हणतात की तेवढं एक जेवण कुठल्याच सुनेला बोलणी बसली नाहीत.

आता आली पंचाईत. सुनेने सासूचं नाव घेऊ नये, अशी त्या घरची रीत. धाकटीने देवाची माफी मागितली, कानाची पाळी धरली आणि हिरवा मोती मुठीत घेऊन हळूच म्हणाली, "सुलोचनाबाईंना समुद्राच्या रंगाची पैठणी मिळू दे."

पैठणी आली! हिरवीगार, काठाला सोनेरी मासोळ्या, पदरावर नाचणारे मोर. हवेत तरंगली, शोधत राहिली, आणि फस्सकन तिचा फेस झाला.

परी हळूच म्हणाली, "ते नाव लग्नात मिळालेलं. माझ्या मोत्यांना ते कळत नाही. त्यांना पाळण्यातलं नाव लागतं. बारशाला पाळणा हलवून कानात सांगतात ना, ते."

धाकटी पांढरा मोती घट्ट धरून धावत सुटली. सासूबाई माडाखाली चटईवर बसून समुद्राकडे बघत होत्या. मामंजी खाली वाळूत होडी वर ओढत होते, कारण भरती चढायला लागली होती. धाकटीने सासूबाईंचे पाय चेपायला घेतले आणि विचारलं, "सासूबाई, तुमचं पाळण्यातलं नाव काय हो?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी झोपेतून उठवलं.

"ते माहेरी राहिलं गं. माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं, आता सुलोचना, जुनं नाव या घरात पुन्हा ऐकू यायला नको. मग मी तुझ्या नवऱ्याची आई झाले, मग आजी झाले. नाव लागतंय कुणाला?"

असं म्हणून त्या हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. धाकटीला पुढे विचारवेना. सूर्य खाली खाली येत होता, शेंदरी, गोल, फुगलेला.

तेवढ्यात खालून मामंजी होडीला खांदा लावून म्हणाले, "बकुळे, जरा सरक गं."

होडी काही सरकली नाही. पण चटईवर बसलेल्या सासूबाई, तंद्रीतच, एक वीतभर बाजूला सरकल्या.

धाकटीने ते पाहिलं. आधी तिला काही कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

ती पुन्हा बनात पळाली. परीला म्हणाली, "सापडलं गं, नाव सापडलं!"

"मग घे की. मागून टाक चटकन," परी म्हणाली. "सूर्य बघ कुठे आलाय."

धाकटी तोंड उघडून थांबली. आणि तिने तोंड मिटलं. "मी नाही घेणार," ती म्हणाली. "मामंजींनी ते इतकी वर्षं होडीत जपून ठेवलंय. पहिल्यांदा ते त्यांच्याच तोंडून निघायला हवं. नाव कुणी घ्यायचं, असं काही तुझ्या नियमात नाही ना?"

परीचे पंख थरथरले. "नाही. पण तुझे मामंजी हट्टी. नाही बोलले तर मोत्याचं पाणी होईल, आणि तू सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभी राहशील."

"राहीन," धाकटी म्हणाली. मग तिने मुठीतल्या मोत्याला सांगितलं, "नाव मागून येईल. ज्यांचं ते नाव, त्यांच्या मनात जे राहून गेलंय, ते होऊ दे."

वाळूवर चटया पसरल्या होत्या. सूर्य पाण्यापासून चार बोटं वर. चांदीचा तांब्या देऊन झाला, घड्याळातली चिमणी चिवचिवून झाली. सासूबाईंनी दोन्हींचं कौतुक केलं आणि दोन्ही बाजूला ठेवलं. मग थोरली म्हणाली, "धाकटे, आता तू. दाखव की."

सगळे बघायला लागले. धाकटीच्या मुठीत मोती विरघळायला लागला होता, बोटांच्या फटीतून ओलं लागत होतं. ती मामंजींसमोर जाऊन वाकली.

"मामंजी, आजच्या दिवशी नाव घ्यायची रीत आहे. तुम्ही घ्या. सासूबाईंचं. होडीवर आहे ते."

मामंजींचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, आता फणस फुटणार. ते खेकसलेच, की ही कसली थेरं, या वयात नाव घेऊ काय, लोक हसतील. एवढं बोलले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक मुठीत धरून, श्वास रोखून बसली होती, जशी लग्नात बसली होती.

मामंजी खाकरले. पायाने वाळू उकरली. मग समुद्राकडे तोंड करून, अडखळत म्हणाले,

"जन्मभर खाऱ्या पाण्यात चालवली होडी,
बकुळा आली घरात, म्हणून भाकरीला गोडी."

आणि मग वळून, अगदी हळू, "बकुळे. आईला भीत होतो गं. होडीवर लिहिलं म्हणजे निदान रोज म्हणता येईल."

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी मी आतून ओ द्यायची."

त्याच क्षणी धाकटीची मूठ उजळली. बोटांच्या फटींतून पांढरा, दुधाळ, रुपेरी उजेड सांडला. ज्या बेटावर बकुळीचं एक झाड नाही, तिथे आकाशातून बकुळीची फुलं पडायला लागली. चिमुकली चांदण्यांसारखी फुलं, केसांत, पातेल्यांत, पोरांच्या उघड्या तोंडांत. घमघमाट तर असा की लाटा किनाऱ्याशी येऊन थबकल्या. निळी होडी आपली आपण पाण्यात सरकली आणि डुलत उभी राहिली.

सासूबाईंना इतक्या वर्षांत त्या होडीत डबे सांभाळत, पोरं धरत बसणंच माहीत होतं. आज मामंजींनी हात धरून त्यांना पुढे बसवलं, नाकाशी, त्यांच्या नावापाशी. दोघंच निघाली, सोनेरी पाण्यातून. होडीच्या डोलकाठीवर करंगळीएवढी परी बसली होती. सूर्य पाण्याला टेकला तशी ती आधी गुलाबी झाली, मग सोनेरी, मग नुसताच उजेड, आणि तो उजेड पसरत पसरत सगळ्या समुद्रभर झाला. परी कुठे संपली आणि संध्याकाळ कुठे सुरू झाली, कुणाला सांगता येईना.

होडी परत आली तेव्हा जावांनी पानं वाढली होती. धाकटी सवयीने बाजूला उभी होती, सगळ्यांचं झाल्यावर बसायचं म्हणून. सासूबाई ओल्या पायांनी थेट तिच्याकडे आल्या. केसांत बकुळीची फुलं, आणि आता हसू डोळ्यांत मावत नव्हतं.

"आणि तुझं गं? तुझं पाळण्यातलं नाव काय?"

स्वतःसाठी मागायचं नाही, हा नियम धाकटीने पाळला होता. पण दुसऱ्या कुणी तिच्यासाठी विचारू नये, असा काही नियम नव्हता. किती वर्षांत ते नाव तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"शेवंती," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिचा हात धरून आपल्याशेजारी बसवलं. पलीकडून मामंजींनी स्वतः तिच्या पानात लाडू वाढला, आणि त्यांच्या नेहमीच्या फणसासारख्या आवाजात म्हणाले, "शेवंते, बघतेस काय? जेव आधी."

मग शेवंती जेवली, सगळ्यांच्या बरोबरीने, पोटभर. बकुळीची ती फुलं सुकली, पण वास गेला नाही. निळ्या होडीत बसून बघा, अजून येतो.