विणकरणीचा मोर आणि उधळलेला बाण

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेही होते आणि घरोघर संगणकही होते. हे कसं, ते मला विचारू नका.

त्या राज्यात एक म्हातारी विणकरीण होती. शालूच्या काठावरचे मोर तिच्यासारखे कुणालाच जमत नसत. एकदा राजाने फर्मान काढलं : राजकन्येच्या लग्नाच्या शालूची नक्षी संगणकावर काढून आणा. जिची पसंत पडेल, तिचाच माग राजवाड्यात लागेल.

म्हातारी सुनेच्या संगणकापुढे बसली. नक्षी चौकटींत भरायची असते. एक घर म्हणजे एक धागा. पण माऊस मोराच्या डोळ्याकडे न्यावा, तर पडद्यावरचा बाण जाऊन पडे पिसाऱ्यात.

"माझा हातच गेला गं," म्हातारी रडकुंडीला येऊन म्हणाली.

वैद्याने तेल चोळायला सांगितलं. तेलकट हातातून माऊस जास्तच निसटू लागला. शेवटी सून म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या आता. वय झालं तुमचं." म्हातारीच्या जिव्हारी लागलं ते.

पण काठ वाकडा आला तर विणकर आधी माग तपासतो, मग हाताला बोल लावतो. म्हातारीने माऊसखालच्या पाटावर खडूच्या दोन रेघा ओढल्या, वीतभर अंतरावर. एका रेघेपासून दुसरीपर्यंत माऊस हळू नेला. बाण जरासा सरकला. मग तेवढंच अंतर झटक्यात नेलं, तर बाण थेट पडद्याच्या टोकाला.

"सूनबाई, हात तेवढाच हलला. मग बाण लांब कसा गेला?"

सून चपापली. तिच्या पळापळीच्या खेळांसाठी बाणाचा वेग तिनेच वाढवून ठेवला होता. तिने सेटिंग उघडून वेगाची पट्टी मागे ओढली. बाण मंदावला, पण झटका बसला की अजूनही उधळे. तिथेच 'अचूकता वाढवा' असं लिहून बरोबरची खूण केलेली होती.

"ही खूण असली, की हात जोरात हलल्यावर बाण आणखी लांब पळतो," सून ओशाळून म्हणाली.

"मग काढ ती."

खूण काढली आणि बाण हाताच्या मागोमाग चालू लागला. खुणेचं नाव 'अचूकता' आणि काम नेम चुकवायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! सुनेने आपल्या खेळांसाठी वेगळं खातं उघडलं, आणि म्हातारीने मोराचा डोळा नेमक्या घरात बसवला.

दरबारात ती नक्षी पाहून राजकन्या जागची उठली आणि म्हातारीच्या पाया पडली. राजाने विचारलं, "आजीबाई, हाताला औषध कोणतं केलंत?"

"औषध यंत्राला केलं, महाराज. हात चांगलाच होता."

त्याच दिवशी तिचा माग वाजतगाजत राजवाड्यात गेला. माग उचलणाऱ्यांत सगळ्यांत पुढचा हात सुनेचा होता.

तात्पर्य : नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून कुणाला हसण्याआधी अंगण एकदा तपासून पाहावं.