सहा माद्या आणि एक आयतोबा

गोजरा माळीण घसा बसेपर्यंत सांगत होती, पण तिच्यावर कुणाचा म्हणून विश्वास बसेना. ऐका, तिथूनच सुरू करते. आधी पाय पांघरुणात घ्या.

वीरसेन राजाला एकुलती लेक होती, केतकी. तिला भलताच आजार जडला. भर उन्हात पोर गारठायची. पायाच्या बोटांपासून बर्फ वर चढत होता, बरं का! वैदू म्हणाला, "बर्फाच्या डोंगरावर एक काटेरी झुडूप असतं. त्याची केशरी बोरं निखाऱ्यासारखी ऊबदार. बर्फ काळजाला लागायच्या आत ती खाल्ली तरच पोर वाचेल."

मग राजानं डोंगरावरून सात झुडपं आणवली. गोजराच्या हवाली केली.

राजानं त्यांच्यावर मांडव घातला. गोजरा म्हणाली, "उन्हावाऱ्यातलं झाड आहे हे. काढा तो मांडव!" कुणी ऐकलं नाही. पानं पिवळी पडली, बर्फ केतकीच्या गुडघ्याला आला, तेव्हा कुठं मांडव निघाला.

मग राजानं घागरींवर घागरी ओतायला लावल्या. "मुळं कुजतील," गोजरा ओरडली. कुणी ऐकलं नाही. फांद्यांनी माना टाकल्या. बर्फ कमरेला आला. मग गोजरानंच चर खणून पाणी काढलं आणि बुडाशी खडी भरली.

मग फुलं आली, बारीक बारीक. सातव्या झुडपावर मात्र नुसता पिवळा भुगा.

"ह्याला नाही फळ धरायचं महाराज," गोजरा म्हणाली, "हा नर..."

राजानं अर्धंच ऐकलं. "फळ नाही? मग ह्या आयतोबाला पोसायचं कशाला?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं झुडूप उपटलं आणि कुंपणापलीकडं भिरकावलं.

"अहो, परसातली पपई तरी बघा! नर नसला तर माद्यांना फळ कुठलं?"

"माझी पोर मरतेय, आणि ही झाडांची लग्नं लावतेय!"

सहा झुडपांना एक बोर धरेना. बर्फ बरगड्यांना आला. राजा म्हणाला, "हिनंच झाडं बिघडवली. हाकला हिला!"

गोजरा निघाली. कुंपणापलीकडं बघते तर काय! दगडांत पडलेलं ते झुडूप हिरवंगार, अंगावर भुगा तसाच. "चिवट मेलं!" म्हणत तिनं त्याला कवटाळलं. काटे दंडात रुतले, तरी सोडलं नाही. वाऱ्याच्या तोंडाशी खड्डा केला आणि लावलं. मग वारा सुटला. पिवळा भुगा उडाला, सहाही माद्यांवर बसला, आणि बघता बघता झुडपं केशरी झाली.

बर्फ काळजापासून दोन बोटं लांब होता. गोजरानं बोर केतकीच्या तोंडात पिळलं.

"ई, किती आंबट!" केतकी म्हणाली, आणि तिच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं.

मग सगळी सुखात राहिली. झुडपंसुद्धा, सातच्या सात. मिटा आता डोळे.

काय गं, अजून जागी? हो, केतकीनंही विचारलंच भर दरबारात, "झुडूप उपटलं कुणी?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. गोजरानं नाही घातली. महाराज नाही म्हणाली, सरकार नाही म्हणाली. नुसतं म्हणाली, "वीरसेन."