मच्छरदाणीचे आठ पदर

“...आणि अजून चोवीस एलईडी बसतील, चाचा. बसवू का?”

याकूबचाचा टाकीकडे बघत होते.

निनाद बेहेरे वाट बघत उभा राहिला. समोर त्याची चार फुटी समुद्री टाकी निळ्या-पांढऱ्या उजेडात झळाळत होती. मासे, खडक, पोवळी, सगळं कसं कालच रंगवल्यासारखं.

टाकीवरचं जुनं हूड, म्हणजे दिव्यांचं झाकण, त्याने स्वतः उघडलं होतं. आतल्या चार ट्यूबांच्या मधल्या फटींत त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. पट्ट्या आणल्या होत्या स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडून. त्यांवर एकेक करत अठ्ठेचाळीस एलईडी सोल्डर केले, गरम होऊ नयेत म्हणून मागे दोन पंखे लावले. तीन महिने त्यात गेले. रत्नागिरीच्या एका पॉलिटेक्निकात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. तयार दिवा विकत आणणं त्याला कमीपणाचं वाटत होतं.

याकूब होडेकर तीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन साखरतरला, खाडीकाठच्या आपल्या घरी राहिले. समुद्राच्या पाण्याची टाकी कशी सांभाळावी, हे शिकायला आसपासचे हौशी लोक त्यांच्या पडवीत येऊन बसत. निनादही दोन वर्षं बसला होता.

टाकीच्या मधोमध खडकावर पाच फांद्यांचं एक पोवळं होतं. ते मुळात चाचांचं.

बावीस वर्षांपूर्वी एका जहाजी मित्राने आपल्या टाकीतली बोटभर फांदी कापून चाचांना दिली होती. चाचांनी ती वाढवली, तिच्या फांद्या करून मागेल त्याला वाटल्या. मागच्या वर्षी वादळात चार दिवस वीज गेली आणि चाचांच्या टाकीतलं सगळं मेलं. वाटलेल्या फांद्यांपैकी काही तेव्हाच मेल्या, काही ठिकाणी मालकांची हौसच संपली.

आता ते पोवळं एकाच टाकीत उरलं होतं. निनादच्या.

तेच दाखवायला रविवारी सकाळी तो चाचांना स्कूटरवर बसवून घरी घेऊन आला होता.

“रंग बघा ना कसा खुललाय! पंधरा दिवसांपूर्वी नुसतं चहाच्या चोथ्यासारखं दिसत होतं. आणि आता जांभळं!”

“हं.”

“मला वाटतं त्याला उजेडच कमी पडत होता. तुम्ही इतकी वर्षं ट्यूबवर ठेवलंत, म्हणून...” निनादने पुढचं बोलणं आवरलं.

चाचांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा कपाळावर सारला आणि काचेला नाक लागेल इतकं वाकून ते पोवळ्याकडे बघत राहिले.

निनादची बायको ऋजुता चहा ठेवून गेली. चहावर साय धरली, तरी चाचा हलले नाहीत.

“पोवळं खातं काय?” त्यांनी विचारलं.

निनादला हसू आलं. हा तर अगदी पहिल्या दिवसाचा धडा.

“त्याच्या अंगात शेवाळ राहतं, चाचा. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याला पोसतं.”

“त्या शेवाळाचा रंग कसला?”

“तपकिरी.”

“हं... मग हा जांभळा कुणाचा?”

निनादची नजर पोवळ्यावर गेली.

हुडातले पंखे घुमत होते.

“पोवळ्याचा स्वतःचा,” तो हळूच म्हणाला.

“आणि तपकिरी कुठं गेला?”

निनाद काचेकडे वाकला.

“आचारी घर सोडून निघालाय,” चाचा म्हणाले, “आणि तू भिंतीचा रंग बघून खूश.”

निनाद चाचांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. आता त्याला दिसलं. फांद्यांची टोकं खडूसारखी पांढरी पडू लागली होती. पोवळ्याची शेकडो बारीक तोंडं, जी एरवी केसांएवढे हात पसरून पाण्यात डोलायची, ती सगळी मिटून आत गेली होती. हे तो रोज बघत होता. रोज त्याला ती चकाकी वाटली होती.

बावीस वर्षांचं पोवळं, आणि ते आपल्याच दिव्याखाली...

तो उठला आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

“काय करतोस?”

“काढून टाकतो सगळं. आत्ताच्या आत्ता.”

“का?”

“चूक झाली माझी. दिवाच चुकला.”

“दिव्यात काय चूक आहे? मी सोल्डर बघितलं. तीस वर्षं जहाजावर काढली, इतकं स्वच्छ काम चार वेळा बघितलं असेल. बस खाली.”

निनाद बसला. चाचांनी असं कौतुक याआधी कधी केलं नव्हतं, आणि आज ते नीट घेताही येत नव्हतं.

“मग उजेड कमी कसा करू? डिमर लावलेलाच नाही.”

“का नाही लावलास?”

“...कमी करायची वेळच कशाला येईल, असं वाटलं.”

चाचांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली.

“बेटी, घरात जुनी मच्छरदाणी आहे का?”

ऋजुताने माळ्यावरून एक विटकी पांढरी मच्छरदाणी काढून दिली. चाचांनी कात्री मागितली, टाकीच्या तोंडाएवढे आठ तुकडे मापून कापले आणि एकावर एक ठेवले. मग निनादला दिवा उचलून धरायला सांगितलं आणि ते आठही पदर टाकीवरच्या काचेवर पसरले.

लग्नघरातली वीज जावी तशी टाकी मंद झाली.

निनाद बघत राहिला. तीन महिन्यांची मेहनत, आणि वर एक फाटकी मच्छरदाणी.

“दर शुक्रवारी एक पदर काढायचा,” चाचा म्हणाले.

“म्हणजे आठ आठवडे?”

“एक पदर.”

“चाचा, त्यापेक्षा मी कॉलेजातून मीटर आणतो. उजेड मोजतो. त्याला नेमका किती लागतो, तो आकडा एकदा काढला की—”

चाचांनी पोवळ्याकडे बोट केलं.

“त्याला विचारलास आकडा?”

मग त्यांनी थंड झालेला चहा सायीसकट एका घोटात संपवला आणि चपला शोधू लागले.

दोन शुक्रवार निनादने शब्द पाळला. पहिल्या आठवड्यात काहीच घडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात फांद्यांच्या बुडाशी तपकिरी झाक दिसू लागली, आणि एका सकाळी पाच-सात तोंडं उघडून हात हलवताना दिसली.

त्याला धीर आला. धीर जरा जास्तच आला.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी त्याने एकदम तीन पदर काढले. पोवळं सुधारतंय, मग त्याला मागे कशाला ठेवायचं? ताप उतरलेल्या माणसाला आपण अंथरुणात डांबून ठेवतो का?

बुधवारी सगळी तोंडं मिटलेली होती. गुरुवारी सकाळी एक फांदी टोकापासून बुडापर्यंत पांढरी होती. तिच्यावरचं मांस सुटून पाण्यात तरंगत होतं.

निनादने कॉलेजात फोन करून रजा टाकली आणि थेट साखरतर गाठलं.

चाचा पडवीत बसून जाळ्याला गाठी मारत होते. मागे त्यांची रिकामी टाकी होती. तिच्यात आता कांदे भरून ठेवले होते.

निनाद पायरीवरच थांबला. वर जायचं त्याला धाडस होईना.

“मी तीन पदर काढले, चाचा. एकदम.”

“मग?”

“एक फांदी गेली.”

चाचांचा हात जाळ्यावर थांबला. खाडीतून एक होडी इंजिनाचा टकटक आवाज करत निघून गेली. तो आवाज पार विरेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

“राहिल्या किती?”

“चार.”

“हं...”

“चाचा, मला बोला हवं तर. पण असं गप्प नका बसू. माझ्या हातून ते जाईल अशी भीती वाटते मला. तुम्ही ते घेऊन जा. दुसऱ्या कुणाकडे द्या. मी त्या लायकीचा नाही.”

“चार फांद्यांचं पोवळं तुझ्या टाकीत आहे,” चाचा म्हणाले. “मच्छरदाणी तुझ्या टाकीजवळ आहे. आणि तू इथं काय करतोस?”

निनाद वळला आणि स्कूटरकडे धावत गेला.

“निनाद!”

त्याने मागे बघितलं.

“तीन नाही. आठ घाल.”

पुन्हा आठ पदर पडले. पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला निनादने कागदावर तारखा लिहिल्या नाहीत. सकाळी कॉलेजला जाण्याआधी तो टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. आधी पाच मिनिटं. मग पंधरा. हळूहळू त्याला कळू लागलं की पोवळं एकदम उघडत नाही. आधी एखादं तोंड उघडतं, ते जरा चाचपून बघतं, मग शेजारचं उघडतं. एका शुक्रवारी त्याने पदर काढायला हात घातला, तोंडं नीट न्याहाळली आणि हात मागे घेतला. तो पदर त्याने पुढच्या शुक्रवारी काढला. चाचांना विचारलं नाही.

आठाचे नऊ आठवडे झाले.

शेवटचा पदर निघाला त्या दिवशी अठ्ठेचाळीस एलईडींचा पूर्ण उजेड पाण्यावर पडला, आणि चारही फांद्यांवरचं एकूणएक तोंड उघडं होतं. पोवळं बुडापासून टोकापर्यंत तपकिरी झालं होतं.

“रंग गेला की रे याचा,” ऋजुता मागून म्हणाली.

“आला,” निनाद म्हणाला.

पुढे दोन महिन्यांनी त्याने पक्कडीने एक फांदी कापली, दगडाच्या तुकड्यावर चिकटवली आणि जखम भरून येईपर्यंत आपल्याच टाकीत ठेवली. त्याच दिवसांत एक नवा दिवा केला. लहान, बारा एलईडींचा. या वेळी डिमर होता, टायमर होता.

फांदी पाण्याच्या डब्यात, दिवा पाठीवरच्या पिशवीत, असा तो साखरतरला पोचला. आज फांदी नुसती दाखवून परत न्यायची, पण टाकी कशी मांडायची, पाणी किती दिवस फिरवत ठेवायचं, हे सगळं चाचांना कसं पटवायचं, याची जुळवाजुळव तो वाटभर करत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस पुन्हा हा खटाटोप करेल का, याची त्याला शंकाच होती.

पडवीत शिरला तर टाकीत कांदे नव्हते.

खडक रचलेले होते. समुद्राचं पाणी भरलेलं होतं आणि पंपाच्या धारेने ते संथ फिरत होतं. काचेच्या आतून हिरवट शेवाळ धरलं होतं. म्हणजे हे काल-परवाचं नव्हतं, निदान दोन महिन्यांपूर्वीचं होतं.

“तुम्हाला कोणी सांगितलं मी फांदी आणणार म्हणून?”

“कोण सांगणार?” चाचा म्हणाले. “आण इकडे.”

त्यांनी डब्यात हात घालून फांदी उचलली. बाहीसकट हात पाण्यात बुडवून तो दगड खडकांच्या मधल्या खोबणीत बसवला. हात बाहेर काढल्यावर पाणी निथळत असतानाही ते आतच बघत होते. निनादने तोवर दिवा टाकीवर चढवला, वायरी जोडल्या आणि दिवा कसा चालतो ते उत्साहाने सांगायला लागला.

“सकाळी सातला लागेल, चाचा. एकदम नाही, दोन तासांत हळूहळू चढत जाईल. दुपारभर पूर्ण. मग संध्याकाळी पाचपासून तसाच हळूहळू उतरत जाईल. सगळं आपोआप. तुम्हाला हात लावायला नको.”

चाचांनी लुंगीला हात पुसले. दिव्याच्या बाजूचं डिमरचं गोल बटण बोटाने चाचपून बघितलं. एकदा इकडे फिरवलं, एकदा तिकडे. पाण्यातला उजेड वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला.

“छान केलंस.”

“मग ठेवू असंच?”

चाचांचं बोट बटणावरच होतं.

“चढायचं आपोआप ठेव,” ते म्हणाले. “उतरायचं, पोवळ्याकडे बघून. ते बटण माझ्या हातात दे.”